टॅग कोणाचा?

आमच्या घरची लाईट गेली, की शेजारपाजारचे वीजवाल्यांना फोन करत नाहीत. आधी कुंपणावरून मान काढून विचारतात, "टॅग कोणाचा हाये?" आणि बहुतेक वेळा टॅग असतोच कोणाचा तरी.

हे काय प्रकरण आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या ह्यांनी सारी उमर भिलाईच्या प्लान्टमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. तिथं कोणत्याही मशीनला हात लावायचा तर आधी तिची वीज बंद करायची. त्याला ते शटडाऊन घेणं म्हणतात. वीज बंद केली की खटक्यावर आपला लाल टॅग अडकवायचा. म्हणजे बाकीच्यांना कळतं की आत माणूस काम करून राहिला आहे. आणि कायदा असा, की ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा. मोठा साहेब आला तरी त्यानं हात लावायचा नाही. आणि काम झाल्यावर कोणी टॅग काढायचा विसरला, तर त्यानं साऱ्या गँगला समोसे खाऊ घालायचे.

आता हा कायदा प्लान्टच्या गेटपाशी ठेवून यावा ना माणसानं! पण नाही. आम्ही मरोद्याकडं क्वार्टरमध्ये राहत होतो, तेव्हापासून तो आमच्या घरात आहे. ह्यांनी तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून चार टॅग केले, लाल रंग दिला, वर ओळखीची खूण काढली. ह्यांच्यावर वीज, पोरावर तारा, माझ्यावर पान. मिक्सरचं भांडं धुवायचं तर धुवा, पण मिक्सरच्या पोटात बोट घालायचं असेल तर पान लटकवा. चौथा टॅग कोराच होता. तो येणाऱ्या सुनेसाठी.

सून आली गोंदियाकडची. पहिल्याच आठवड्यात तिला स्वयंपाकघरातल्या बोर्डावर लाल पत्रा लटकलेला दिसला. ह्यांनी एक्झॉस्ट पंखा उघडला होता आणि ह्यांना मध्येच डुलकी लागली होती. सुनेला वाटलं, आमच्या घरचा काही कुळाचार असेल. तिनं काही विचारलं नाही, गुपचूप त्या पत्र्याला हळद-कुंकू लावून हात जोडले. हे उठून पाहतात तर टॅगची पूजा झालेली. रागावतील म्हटलं, तर हे खूश! मला म्हणाले, "पाह्यलं? इतक्या वर्षांत तुनं कधी नमस्कार केला का माया टॅगले?"

त्या दिवसापासून ती ह्यांची लाडकी. कोरा टॅग तिला मिळाला आणि तिनं त्यावर पांढऱ्या रंगानं पाना काढला, नट-बोल्ट फिरवायचा. कारण तिचं कामच ते होतं. दवाखान्यातली मशिनं दुरुस्त करायचा डिप्लोमा करून आली होती. रायपूरच्या एका लहानशा कंपनीत लागली. बीपीची मशिनं, हातातून सलाईन जातं तो पंप, छातीतला कफ ओढायचं मशीन, असलं काय काय. रोज सकाळी जुनवानीतल्या आमच्या आताच्या घरून स्कूटी काढायची, कुम्हारीवरून ट्रकांच्या मधून रायपूर गाठायचं. ती संध्याकाळी फाटकातून आत येईपर्यंत माझा जीव काही भांड्यात पडायचा नाही.

तिथं तिला एकच दुःख होतं. दवाखान्यात गेली की तिच्याकडं पाहून लोक म्हणायचे, "इंजिनिअर साहेब पार्किंग में हैं क्या?" ती म्हणायची, "मीच आहे." मग ते तिला वायर बदलायला देत. मोठी मशिनं, श्वास देणारी, रक्त धुणारी, ती उघडायला मोठ्या कंपनीचा माणूस बाहेरून यायचा. ही बाजूला उभी राहून पाहायची. एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "आई, तुमाले एखाद्यानं रोज मिठाईच्या दुकानासमोर उभं केलं अन् सांगतलं, काचेले हात लावू नका, तर कसं वाटंन?"

मी म्हटलं, "मी काच फोडीन."

ती हसली. पण तिनं काच फोडायचं ठरवलंच होतं. मस्कतच्या एका दवाखान्यात मशिनं दुरुस्त करायला माणसं पाहिजे होती. तिथं मोठी मशिनं शिकवून हातात देणार होते. दोन वर्षांचं काम. तिनं अर्ज केला, पहिली मुलाखत पार पडली, आणि आता फक्त हाताचं काम दाखवायचं राहिलं होतं, तेही व्हिडिओवर. त्यात पास तर मस्कत, नाहीतर परत वायरी.

नातेवाइकांत बातमी जायला काय वेळ लागते? दुर्गची माझी नणंद मुद्दाम आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "वहिनी, नवरा इथं अन् बायको समुद्रापार. याले संसार म्हणते का जी?"

मी म्हटलं, "बाई, तुमचे भाऊ नाईट शिफ्टले जायचे तवा मी झोपलेली, अन् ते यायचे तवा मी पाण्याच्या नळावर. एका घरात राहून आमची भेट सुट्टीच्या दिवशी व्हायची. यांची तं रोज फोनवर तोंडं दिसतीन."

"अन् विमानात काई झालं तं?"

"कुम्हारीच्या रोडपेक्षा विमान बरं. तिथं समोरून ट्रक येत नाई."

माझा पोरगा बापासारखाच प्लान्टमध्ये, मितभाषी. त्याला विचारलं तर म्हणाला, "तिले मशीन उघडाचं हाये ना, उघडू दे." एवढंच. पण त्याच रात्री यूट्यूबवर पोळ्या कशा लाटायच्या ते पाहत बसला होता. मला सारं समजलं.

आता परीक्षेचा दिवस. म्हणजे खरं तर परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. सुनेनं सुट्टी घेतली होती, कंपनीच्या मालकाला विचारून एक जुनं कफ ओढायचं मशीन घरी आणलं होतं आणि त्याच्यावर हात बसवत होती. पोराची दुपारची शिफ्ट. तो सकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या मोटरीची लाईन पाहत होता. त्यासाठी त्यानं मीटरजवळचा मोठा खटका पाडून आपला ताऱ्याचा टॅग लावला होता. बाहेर त्याच्या दोस्ताच्या गाडीचा हॉर्न वाजला, हा डबा घेऊन पळाला. इन्व्हर्टरवर पंखे चालू होते म्हणून आमच्या कोणाच्या लक्षात काही आलं नाही.

आम्ही जेवून जराशा लवंडलो तोच सुनेचा फोन वाजला. मस्कतवरून. उद्याच्या साहेबांना उद्या जमत नाही, आज चार वाजता चालेल का? ही म्हणाली, चालेल. फोन ठेवला आणि मशीनची पिन लावून पाहिली. मशीन ढिम्म. तेवढ्यात इन्व्हर्टर ट्यां ट्यां करायला लागला आणि पंखा फिरता फिरता हळू होत होत थांबला.

आम्ही तिघं मीटरपाशी जमा झालो. लाल टॅग. वर तारा.

"बापा!" सून म्हणाली. आणि लागलीच फोन काढला.

पोराला फोन लावला. लागतो कुठं! प्लान्टच्या शॉपमध्ये कामावर जाताना ते फोन लॉकरात ठेवतात. चहाच्या सुट्टीत बाहेर आला तर पाहील. हे गच्चीवर जाऊन आले. "मोटरीचा डबा बंद दिसते," म्हणाले, "पण आत वायर जोडली का मोकळी ठेवली, मले काय माहीत? उघडून पाहाले मी काय त्याच्या कामात हात घालू?"

मी म्हटलं, "झालंच असंन त्याचं काम. टॅग काढाचा रायला असंन."

"असंन म्हणून खटका टाकत नाई."

"अहो, अख्खा प्लान्ट चालवला तुमी, अन् घरचा एक खटका तुमाले टाकता येत नाई?"

"टॅग त्याचा हाये."

"पोरगा माया हाये! बोर्ड माया, घर मायं, अन् सून बी माईच! तिची परीक्षा हाये ना जी. मस्कतच्या साहेबाले काय सांगाचं, पोट्टा दोस्ताच्या गाडीवर बसून गेला म्हणून आमची लाईट नाई?"

हे दारातल्या देवासारखे बोर्डासमोर उभे. मला असा राग आला, मी ह्यांच्या काखेखालून हात घातला आणि ताऱ्याचा टॅग धरला. ओढणार, तेवढ्यात माझं मनगट कोणी पकडलं. मला वाटलं हे. पाहते तर सून.

"आई, नाई."

"तुया कामासाठीच काढून रायली ना मी!"

"गच्चीवर वायर मोकळी असंन तं? शेजारचं लेकरू पतंगासाठी गच्चीवर येते." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मनगट काही सोडत नव्हती. मग मीच टॅग सोडला. आता मशीन उघडणाऱ्या बाईची पकड कशी असते ते माझं मनगट सांगू शकते.

मी पदर खोचला आणि कुंपणापाशी जाऊन शेजारणीला हाक मारली. छत्तीसगढी बाई, फार जिवाची. व्हरांड्यात खाटेवर कोहळ्याच्या वड्या वाळत घालत होती. "का होगे दीदी?" म्हणाली. मी धापा टाकत सांगितलं. तिला मस्कत कुठं आहे ते माहीत नव्हतं, पण परीक्षा म्हणजे काय ते माहीत होतं. तिनं वड्यांची खाट उचलून थेट अंगणात नेली, व्हरांड्यात टेबल टाकलं, वर धुतलेली चादर पसरली. "आव बेटी, बइठ," म्हणाली. आम्ही मशीन उचलून नेलं. फोन उभा करायला काही मिळेना, तर तिनं पितळी लोटा दिला. लोट्याला टेकून फोन उभा राहिला, आणि लागलीच मस्कत आलं.

पडद्यावर दोन साहेब. एक केरळचे, हिंदी बोलणारे. दुसरे तिथलेच, डोक्यावर कशिद्याची गोल टोपी, बोलणं कमी आणि पाहणं जास्त. मी आणि शेजारीण खांबामागं उभ्या. हे कुंपणाच्या पलीकडं, आमच्या बाजूला. टॅगची राखण सोडून यायला तयार नव्हते आणि परीक्षा पाहिल्याशिवाय राहवतही नव्हतं, म्हणून नुसती मान इकडं.

केरळच्या साहेबांनी सांगितलं, मशीन चालू करून दाखव. मोटर घुर्र करून चालली, पण काट्याचं घड्याळ असते ना, ज्यावर ओढ किती ते दिसते, त्याचा काटा काही हलेना. हाच तिच्या मशीनचा रोग होता. साहेब म्हणाले, "मोटर चालतेय, ओढत नाही. आम्हाला शोधून दाखव."

तिनं नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. काटा तसाच. मग नळीवरून हात मागं मागं नेत मशीनपाशी आली आणि तिथं नळी चिमटली. काटा वर! म्हणजे मशीन चांगलं, गळते ते पुढं कुठं तरी. मशीन बंद केलं, पिन काढली आणि पिनेचं टोक टेबलावर आपल्यासमोर आणून ठेवलं. "पिन माझ्या नजरेसमोर आहे," असं हिंदीत सांगितलं. मगच कफ जमा होतो ती बरणी उघडली. झाकणाखालची रबराची रिंग एका बाजूनं उठलेली.

"अवं, हे तं कुकरच हाये!" माझ्या तोंडून निघालंच. शेजारणीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तिचा हात उडदाच्या पिठानं भरलेला.

त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, भाजीवाली गल्लीत आली. "लाल भाजी लेऽऽ, चेच भाजीऽऽ!" टोपीवाले साहेब दचकले. केरळच्या साहेबांनी विचारलं, "आप अस्पताल में हैं या बाजार में?" सून लाजली. मग ते खरंच विचारायला लागले. घरून परीक्षा द्यायचं ठरलं होतं, मग हे घर कोणाचं? मागं एवढ्या वड्या कशाच्या? तयारी का नव्हती?

मला वाटलं, झालं. सांग पोरी काही तरी, सांग की लाईट गेली, भिलाईत लाईट जातेच म्हणावं. पण ती सरळ बसली आणि जे होतं ते सांगितलं. माझ्या नवऱ्याचा टॅग मेन खटक्यावर आहे. तो कामावर गेला, फोन लागत नाही. त्याचं काम झालं की नाही हे मला माहीत नाही. म्हणून मी तो काढला नाही.

केरळच्या साहेबांनी ते दुसऱ्या साहेबांना इंग्रजीत सांगितलं. टोपीवाले पहिल्यांदाच पुढं झुकले. काही विचारलं. केरळचे साहेब म्हणाले, "ये पूछ रहे हैं, घर में सबसे सीनियर कौन?"

"मेरे ससुर."

"तो वो क्यों नहीं निकालते?"

सून काही बोलणार त्याच्या आत कुंपणावरून आवाज आला. प्लान्टमध्ये मोठ्या साहेबासमोर काढायचे तसा, छाती काढून.

"नो सर! नॉट माय टॅग, सर!"

टोपीवाले साहेब इतके हसले, इतके हसले, की त्यांची टोपी हलली. केरळचे साहेब म्हणाले, "अंकल को दिखाओ." सुनेनं लोट्यासकट फोन वळवला. ह्यांनी सलाम ठोकला. अंगात बनियन, पण सलाम पक्का.

पुढं तिनं रिंग काढून पुसली, नीट बसवली, झाकण आवळलं, पिन लावली. नळीवर अंगठा ठेवला आणि काटा सरळ वर. शेजारणीनं टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, कळवू. आणि लोट्याला टेकलेला पडदा काळा झाला.

सून तिथंच बसून राहिली. "गेलं वाटते आई. बाजार समजले ते." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

चहाच्या सुट्टीत पोराचा फोन आला. "अरे बाप रे! काम तं तवाच झालं होतं, टॅग काढाचा रायला!"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. आता तरी काढतील? हे म्हणाले, "फोनवर टॅग निघत नाई. येऊ दे त्याले." तो येईस्तोवर आम्ही शेजारणीच्या घरी बसलो, तिच्याकडंच जेवलो, तिच्या मालिका पाहिल्या. पोरानं घरी आल्यावर बूटसुद्धा काढले नाहीत, आधी टॅग काढला. घर उजळलं. मग बायकोसमोर मान खाली घालून उभा राहिला. तिनं एवढंच विचारलं, "समोसे कधी?"

दुसऱ्या दिवशी समोसे आले, वर जिलबी. कायद्यात जिलबी नव्हती, ती त्यानं भीतीनं आणली. शेजारणीचं सारं घर जेवढं खाता येईल तेवढं खाऊन गेलं. पण सून एका समोशाचा कोपरा तोडून बसली होती. फोन वाजला की दचकायची. असे किती तरी दिवस गेले. शेवटी एका सकाळी मी दूध तापवत होते, तर ती धावत आली आणि मला अशी मिठी मारली की दूध उतू गेलं. मी म्हटलं जाऊ दे, चांगलंच असते ते.

नोकरी तिला रिंगमुळं मिळाली की टॅगमुळं, देव जाणे. हे म्हणतात टॅगमुळं. मी म्हणते लोट्यामुळं, आणि शेजारणीनं तर तो लोटा आता देवघरात ठेवला आहे.

थंडी सरता सरता ती गेली. विमानतळावर मी रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण पोराचं पाहून रडू आलं. तो माझ्याहून आधी रडला. घरी आलो, दार उघडलं, तर बाहेरच्या खोलीतला मोठा कूलर उघडा, निघायच्या गडबडीत कोणाला दिसलाच नव्हता. जाळ्या काढून भिंतीला टेकवलेल्या, आतलं जुनं गवत उपसलेलं, पंप सुटा. आणि त्याच्या खटक्यावर लाल टॅग. वर पांढरा पाना.

आता तुम्हाला भिलाईचा उन्हाळा माहीत असेल. चैत लागला तसा पोरगा त्या कूलरभोवती फिरायला लागला. "बाबा, गवत मी भरू का?"

"टॅग तुया हाये?"

"नाई."

"मंग?"

रोज फोनवर भांडण. पोरगा म्हणे, "तू विसरली. कबूल कर. समोसे लागले तुयावर."

ती म्हणे, "विसरली नाई जी. काम चालू हाये."

"तू मस्कतमध्ये अन् काम जुनवानीत चालू?"

"हाव. मी येऊन पुरं करीन." एकदा तिनं फोनवर तिथला आपला टॅग दाखवला. चकचकीत, त्यावर तिचा फोटो, सोबत कुलूप. मागं एक भलं मोठं मशीन उघडलेलं होतं, आतडी बाहेर काढल्यासारखं. श्वास देणारं मशीन ते. आता ती काचेच्या आत होती. हे बराच वेळ तो टॅग पाहत होते. मग विचारलं, "मोठा साहेब आला तं?"

"तरी बी नाई, बाबा."

उन्हाळा आम्ही आतल्या खोलीतल्या लहान कूलरवर काढला, तिघांनी मिळून, पोरगा दाराच्या फटीत झोपून. नणंद येऊन म्हणाली, "एक पत्र्याचा तुकडा काढून फेकत नाई, घामानं मरून रायले!" मी तिला हातपंखा दिला. सून टॅग विसरली की मुद्दाम ठेवून गेली, हे मी तिला विचारलंच नाही. येता-जाता मीच त्या टॅगवरची धूळ पदरानं पुसते.

पुढल्या महिन्यात ती पहिल्या सुट्टीवर येते आहे. पोरगा आताच मस्त गोल पोळ्या करायला शिकला आहे, आणि समोशाचं भांडण तिनं येऊन काम पुरं करून स्वतः टॅग काढल्यावरच मिटेल असं ह्यांनी जाहीर केलं आहे. शेजारीण कालच कुंपणावरून विचारत होती, "दीदी, समोसा कोन खवाही?" मी म्हटलं, कोणीही खवाओ, तू तुझ्या सगळ्यांना घेऊन ये. कूलरचं नवं गवतही मी आणून ठेवलं आहे. खटक्यापासून दूर, कपाटावर.